मन वळवायचं, की वळू द्यायचं?

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' दडून बसला आहे. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत तो पोटात राहत नाही, लगेच बाहेर येतो. बाई खुर्चीवर टेकली, पदराने तोंड पुसलं, दोन वाक्यं बोलली की समोरून सुरू होतं, "तुम्ही आता असं करा..." पोलीस चौकीत तिला सांगतात, मिटवून घ्या. माहेरी सांगतात, दिल्या घरी नांद. दवाखान्यात विचारतात, एवढे दिवस काय करत होतीस? आणि आपण स्त्री-संघटनेच्या कार्यकर्त्या तिला सांगतो, गप्प बसू नका, तक्रार करा. सल्ल्याची दिशा उलटी आहे हे खरं, आणि ती दिशा मला मान्यही आहे. पण तिच्या आयुष्यात आधीच झालेल्या सांगणाऱ्यांच्या गर्दीत आणखी एकीची भर पडली, एवढंच बरेचदा होतं. ती मान डोलावते, "बरं ताई" म्हणते आणि पुन्हा येत नाही. मग आपण आपसांत म्हणतो, "बायकाच तयार होत नाहीत, आपण तरी काय करणार?"

या 'तयार होत नाहीत'बद्दल मला लिहायचं आहे.

गेली दहा वर्षं मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आणि एका कुटुंब सल्ला केंद्रात काम करते आहे. (इथे तर नावातच सल्ला!) एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षी आमच्याकडून बीस्टेक यांची सात तत्त्वं पाठ करून घेतली होती. १९५७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातली ही तत्त्वं आजही परीक्षेत विचारतात. सेवार्थीचा स्वयंनिर्णयाचा हक्क हे त्यातलं एक. पाठ्यपुस्तकात 'सेवार्थी' म्हणतात. बायका स्वतःला 'केसवाली' म्हणतात. दहा गुणांचं टिपण सगळ्यांना लिहिता येतं. पण समोरची बाई आपल्याला न पटणारं काहीतरी बोलू लागली, की स्वयंनिर्णयाचा हक्क नेमका कसा पाळायचा, तेव्हा तोंडातून कोणतं वाक्य काढायचं, हे त्या टिपणात नसतं. ते वाक्य कुठे सापडतं, याचा शोध घेताना माझी 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' या पद्धतीशी ओळख झाली. तिचं 'प्रेरणादायी मुलाखत' असं भाषांतर केलं, तर एखाद्या यशस्वी उद्योजकाची दिवाळी अंकातली मुलाखत डोळ्यांपुढे येते. मी सध्यापुरतं 'प्रेरक संवाद' म्हणते. त्या 'प्रेरक'मध्येही एक काटा आहे, त्याबद्दल पुढे.

ही पद्धत स्त्री-चळवळीत जन्मलेली नाही, दारूच्या प्रश्नातून आलेली आहे. त्या काळी अमेरिकेत व्यसनाधीन माणसाला 'भानावर आणण्यासाठी' त्याच्या अंगावर जाण्याची रीत होती. तू खोटं बोलतोस, तू नाकारतोस, आधी कबूल कर की तू दारुडा आहेस. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांना वेगळंच दिसत होतं. समुपदेशक किती आपुलकीने ऐकतो, यावर माणसाचं पुढचं पिणं बरंचसं अवलंबून होतं. १९८२ साली ते नॉर्वेतल्या बर्गन शहराजवळच्या एका व्यसनमुक्ती रुग्णालयात काही महिने होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना मुलाखतीचं प्रात्यक्षिक करायला लावत आणि मध्येच थांबवून विचारत, आत्ता हाच प्रश्न का विचारलात? त्याच्या एवढ्या बोलण्यातलं हेच वाक्य का उचललंत? ही उत्तरं देता देता पद्धत कागदावर उतरली. १९८३ साली मिलर यांचा लेख आला, आणि १९९१ साली स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर पहिलं पुस्तक. १९९३ साली मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकं त्या माणसाचं वर्षभरानंतरचं पिणं जास्त होतं. म्हणजे 'मी त्याला चांगलं खडसावलं' या समाधानाची किंमत भलत्यानेच मोजली.

मूळ कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. आपण म्हणतोच, 'एक मन म्हणतं कर, एक मन म्हणतं नको.' कोणतीही सवय सोडण्याच्या उंबरठ्यावर माणसाची ही दोन मनं भांडत असतात. बाहेरच्या कोणी एका मनाची वकिली सुरू केली, की माणूस आपसूक दुसऱ्या मनाची बाजू घेतो. आपण म्हणतो "सोडा", ती म्हणते "जमायचं नाही". आपण कारणं देतो, ती उत्तरं देते. तासाभराने काय होतं? 'जमायचं नाही' हे तिने वीस वेळा स्वतःच्या तोंडून स्वतःला ऐकवलेलं असतं, आणि आपण तिला त्याचा सराव दिलेला असतो. दुसऱ्याचं चुकतंय असं दिसलं की ते दुरुस्त करायला जीभ वळवळते, त्या ऊर्मीला मिलर-रॉलनिक यांनी एक खास नाव दिलं आहे. मी तिला दुरुस्तीची खुमखुमी म्हणते. समाजकार्याच्या पदवीबरोबर ती मोफत मिळते.

उलट, बदलाच्या बाजूची कारणं तिच्याच तोंडून निघाली, तर ती तिची असतात. आपलं काम ती ऐकू येताच ओळखायचं, आणि तिचे शब्द तिच्यासमोर नीट धरायचे. ऐकायला सोपं वाटतं, करायला फार कठीण आहे. एक उदाहरण सविस्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वस्तीत बायकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या कोणालाही मशेरी नवी नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची, आणि बोटाने दातांना लावायची. पुरुषांची दारू रस्त्यावर दिसते, बायकांची मशेरी मोरीत राहते. तिला कोणी व्यसन म्हणतच नाही, 'दात घासते' म्हणतात. २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास आला. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमनी कमी भरलं होतं, आणि त्या बायकांत सर्वांत जास्त वापर होता मशेरीचा. ही माहिती पोस्टरवर छापून भिंतीवर लावता येते. लावलीही जाते.

सहावा महिना चालू असलेली, घरकाम करणारी एक बाई माझ्यासमोर बसली आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "ताई, तुम्ही पण मशेरी सोड म्हणणार ना? डॉक्टरीणबाई लई बोलल्या काल."

मी विचारलं, "ती तुमच्या काय कामाला येते, ते सांगा ना आधी."

ती हसली. मशेरीचा काय उपयोग हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली, मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. डोकं जड राहतं. आणि जरा थांबून, "साडेचारला पाणी येतं. हंडे भरून झाले की दाराशी मशेरी लावत बसते. तेवढ्या वेळात मला कोणी हाक मारत नाही."

"म्हणजे दिवसभरात तुमचा स्वतःचा असा तेवढाच वेळ."

"तेवढाच. सासू पण मशेरी लावताना काही सांगत नाही." मग आपणहून, "पण सोनोग्राफीवाली म्हणाली, बाळ बारीक आहे. पहिली पण तशीच झाली होती. पेटीत ठेवली होती बारा दिवस."

इथे खुमखुमी उसळते. आत्ता सांगावं, १०५ ग्रॅम! पण ती स्वतःच दुसऱ्या मनाकडे वळली होती. मी एवढंच म्हटलं, "त्या बारा दिवसांची आठवण झाली."

"होणारच की. पेटीचं कर्ज फेडायला दोन वर्षं गेली. आता परत ते नको."

'आता परत ते नको' हे तिचं वाक्य. माझ्या कोणत्याही पोस्टरपेक्षा ते वजनदार आहे, आणि तिने ते उच्चारलं तेव्हा समोर कोणी 'बघा, मी सांगत होते ना' म्हणायला नव्हतं. पुढे मी विचारलं, "कमी करणं तुम्हाला किती गरजेचं वाटतं, सोळा आण्यांपैकी किती?" इंग्रजी पुस्तकांत शून्य ते दहाची पट्टी असते, आमच्याकडे आणे बरे चालतात, पोरीबाळींनाही कळतात. ती म्हणाली, "आठ आणे." यावर आपल्या जिभेवर येणारा प्रश्न म्हणजे, "आठच का? बारा का नाहीत?" हा प्रश्न विचारला की ती न सोडण्याची कारणं सांगणार. म्हणून उलटं विचारायचं, "आठ का? दोनच आणे का नाही म्हणालात?" मग ती आठ आण्यांचा हिशेब मांडते. बाळ, कर्ज, तोंडाला सुटलेला वास, मोठी मुलगी डबी उघडून बघायला लागली आहे ते. हा एवढा हिशेब मला ठाऊकच नव्हता, तर मी तो तिला सांगणार कुठून?

त्यानंतर मी परवानगी मागितली, "मशेरीचं आणि बाळाच्या वजनाचं डॉक्टर लोकांनी काय पाहिलंय ते सांगू का?" ती हो म्हणाली. सांगितलं. "ऐकून काय वाटतं?" विचारलं. तिने ठरवलं ते असं, की दुपारची आणि रात्रीची बंद, पहाटेची राहू दे. नवव्या महिन्यापर्यंत पहाटेची राहिलीच. बाळाचं वजन किती भरलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण एका बाळाच्या वजनावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि अशा गोष्टींचा शेवट गोड करायची आपल्या अहवालांना वाईट खोड आहे.

पहाटेची मशेरी का सुटली नाही, हे मात्र मला त्या संवादामुळेच कळलं. साडेचारला येणारं पाणी आणि कोणी हाक न मारण्याची पंधरा मिनिटं. हे 'वर्तन' तिच्या बोटात कमी आणि तिच्या दिवसात जास्त आहे. आता इथूनच या पद्धतीबद्दलचे माझे आक्षेप सुरू होतात.

पहिला आक्षेप 'वर्तनबदल' या शब्दाला. निधी देणाऱ्या संस्थांचा हा आवडता शब्द आहे. बदलायचं असतं ते नेहमी गरिबांचं वर्तन, त्यातही बायकांचं. हात धुणं, लोहाच्या गोळ्या, बाळाला पाजणं, कुटुंबनियोजन, सगळ्याची जबाबदारी तिच्या 'प्रेरणे'वर. नळाला पाणी सोडणाऱ्या खात्याची प्रेरणा कोणी मोजत नाही. आणि प्रेरणेचा आपल्या देशातला इतिहास काही फारसा निर्मळ नाही. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. सक्ती गेली तरी उद्दिष्टं राहिली. एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं कागदोपत्री काढून टाकली, तरी शस्त्रक्रियेची 'केस' आणणाऱ्याला मोबदला द्यायची पद्धत चालू आहे. त्या माणसाला सरकारी भाषेत काय म्हणतात? मोटिव्हेटर! आशाताईच्या तुटपुंज्या मोबदल्यात ही रक्कमही असते. अशा ठिकाणी उद्या कोणी प्रेरक संवादाचं प्रशिक्षण दिलं, तर ते कशासाठी वापरलं जाईल? तिच्याच तोंडून 'आता ऑपरेशन करून घेते' वदवून घेण्यासाठी. गोड बोलून, परवानगी मागून, तिचेच शब्द तिला परत ऐकवून. उपदेश निदान उघड असतो, त्याला नाही म्हणता येतं. हे नाही म्हणायलाही अवघड.

मिलर आणि रॉलनिक यांनाही हा धोका दिसला होता. काही निर्णय असे असतात की समुपदेशकाने बाईला कोणत्याच बाजूला झुकवू नये, तराजू सरळ धरावा, असं त्यांनी आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. मूल हवं की नको, नसबंदी करायची की नाही, लग्नात राहायचं की बाहेर पडायचं, हे माझ्या मते त्यातले पहिले. मशेरीबाबत माझा कल उघड आहे आणि तो तिलाही ठाऊक आहे. नवऱ्याला सोडण्याबाबत माझा कल काय, याचा तिच्या निर्णयाशी संबंध नसावा.

हे वाक्य माझ्या काही मैत्रिणींना झोंबेल, हे मला माहीत आहे. बाई मार खाते आहे आणि तुम्ही तराजू कसला सरळ धरता? प्रश्न रास्त आहे. मार खाणं हे तिचं 'वर्तन' नाही, म्हणून तिथे बदलाची भाषा तिच्याबाबत वापरायचीच नाही, हे आधी ठरवू या. दोष ज्याचा, बदल त्याचा. हिंसेबाबत तटस्थता नाही. "तो मारतो ते चूक आहे, कायद्याने गुन्हा आहे आणि तुमच्यामुळे होत नाही" हे पहिल्या भेटीत सरळ सांगायचं, त्याला परवानगीची गरज नाही. त्याने गळा आवळला असेल, रॉकेलची भाषा केली असेल, तर जिवाला धोका आहे हेही सरळ सांगायचं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे तराजूचा प्रश्नच येत नाही. पण हे सगळं सांगून झाल्यावर घरी परत जायचं की नाही, तक्रार आज करायची की मुलाची दहावी झाल्यावर, हा हिशेब तिचा. त्याचे परिणाम तीच भोगणार आहे आणि घरातल्या धोक्याचा अंदाज तिच्याइतका कोणालाच नसतो. "अजून का राहता?" हा प्रश्न विचारणारी माणसं तिला पुष्कळ भेटलेली असतात. "आतापर्यंत स्वतःला आणि मुलांना कसं सांभाळलंत?" असं विचारलं, की पैसे पिठाच्या डब्यात लपवण्यापासून शेजारणीशी ठरवलेल्या खुणेपर्यंत ती जे सांगते, ते ऐकून 'ती काहीच करत नाही' असं म्हणायची हिंमत होत नाही. बाई तीन वेळा घरी परत गेली म्हणून केंद्रातल्या फायलीवर 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारलेला मी पाहिला आहे. चौथ्यांदा ती कोणत्या दाराशी जाईल, हे त्या शेऱ्यावर ठरतं.

आता पुरुषांकडे येते, कारण खरं प्रकरण तिथेच आहे.

बायका केंद्रात येऊन पहिलं वाक्य म्हणतात ते असं, "ताई, तो तसा वाईट नाही, दारूने वाट लावली. दारू तेवढी सोडवा." दारूवर प्रेरक संवादाचा उपयोग होतो याला आपल्या शेजारचाच पुरावा आहे. गोव्यात 'संगथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांबरोबर प्रयोग केला. तो २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार भेटी, पाया प्रेरक संवादाचा. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्क्यांचं. गेल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के, दुसरीकडे १८. जादू नाही, पण गावातल्या आरोग्य केंद्रात चार भेटींत एवढं होत असेल तर ते थोडं नाही.

पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा मोजला होता, ज्याची चर्चा कमी होते. बायकोवरची हिंसा. दोन्ही गटांत तिच्यात काही फरक आढळला नाही.

मला हा निष्कर्ष प्रत्येक सल्ला केंद्राच्या भिंतीवर लावावासा वाटतो. पिणं कमी झालं, हात उगारणं झालं नाही. चळवळ हे कधीपासून म्हणते आहे! दारू हिंसेला निमित्त देते, परवाना दुसरीकडून मिळतो. जो दारूच्या नशेत घरी येऊन बायकोला मारतो, तो त्याच नशेत पोलिसाला मारत नाही, मुकादमाला मारत नाही. मारायचं कोणाला याची शुद्ध त्याला असते. एका अभ्यासावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणत नाही, तीन महिन्यांचा काळ लहान आहे. पण 'दारू सोडवा म्हणजे घर सुखी होईल' असं बाईला आश्वासन द्यायला आधार नाही, एवढं म्हणायला तो पुरे आहे.

म्हणून पुरुषाबरोबर दारूविषयी प्रेरक संवाद जरूर करावा, मी करते. माझ्यासमोर बसलेला रिक्षावाला, "मॅडम, मी काही रोज घेत नाही," इथून सुरुवात करतो आणि त्याला खोटं पाडण्यात अर्ध्या तासाचा नाश करण्यापेक्षा, "मग ज्या दिवशी घेत नाही तो दिवस कसा जातो?" असं विचारलं तर गाडी पुढे सरकते. पण हिंसेबाबत तोच सूर लावता येणार नाही. या पद्धतीत माणसाच्या न बदलण्याच्या कारणांनाही शांतपणे ऐकून घ्यायचं असतं. "मारतो, पण ती बोलतेच तशी" हेही न बदलण्याचं कारणच आहे. ते मान डोलावून ऐकलं, त्याला परत ऐकवलं, तर त्याच्या कानाला ते मान्यतेसारखं लागतं. आपला कायदा इथे पुस्तकांपेक्षा शहाणा आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. त्याच्या नियमांतल्या १४ व्या नियमात म्हटलं आहे, की समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचं समर्थन मांडू दिलं जाणार नाही. हा नियम किती केंद्रांत वाचला जातो? प्रत्यक्षात "दोघांनाही समोरासमोर बसवू, दोघांचीही बाजू ऐकू" हीच पद्धत सर्रास चालते. कायद्याच्या १४ व्या कलमात एकत्र समुपदेशनाची मुभा आहे, ती मला नेहमीच खुपते. ज्याच्या भीतीने ती इथवर आली, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ती तिच्या दुसऱ्या मनातलं काय बोलणार? आणि बोलली तर रात्री त्या बोलण्याचा हिशेब कोण देणार?

आणखी एक गोष्ट अलीकडे ऐकायला मिळते. हे तंत्र बायकांनाच शिकवा, म्हणजे घरच्या घरी नवऱ्याशी तसं बोलतील. मला हे मुळीच पटत नाही. नवऱ्याच्या मूडवर नजर ठेवून शब्द तोलून बोलण्याचं प्रशिक्षण तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मिळालेलं असतं. त्याला शास्त्रीय नाव देऊन पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवायचं, आणि तो सुधारला नाही तर 'तुमचे प्रश्न बरोबर नव्हते'? दुकानावर मोर्चा नेणाऱ्या, आडवी बाटली करण्यासाठी गावातल्या निम्म्याहून जास्त बाया मतदानाला उतरवणाऱ्या बायकांनी हे काम वेगळ्या पातळीवर केलं आहे, आणि तिथे आवाज चढवणंच योग्य होतं. दुकानाला दोन मनं नसतात. माणसाला असतात, म्हणून माणसाशी बोलायची रीत वेगळी. पण ते बोलणं पगारी समुपदेशकाचं काम आहे, बायकोचं नव्हे.

पगाराचा विषय निघालाच आहे तर, एक व्यवहाराची अडचण. असं ऐकायला वेळ लागतो. दिवसाला दहा-बारा केसेस, प्रत्येकीचा छापील फॉर्म, महिनाअखेरीस 'किती प्रकरणांत समझोता' हा रकाना. त्या रकान्यात 'बाईने अजून ठरवलेलं नाही' असं लिहायला जागा नसते. आमच्या केंद्रात आम्ही तो रकाना पेनने वाढवून घेतला. वरून अजून कोणी हरकत घेतलेली नाही, बहुधा कोणी वाचलेलं नसावं. महिन्यातून एका शनिवारी आम्ही एकमेकींच्या मुलाखती ऐकतो. बाईची आधी संमती घेऊन ध्वनिमुद्रण केलेल्या. ऐकताना कागदावर तीनच खुणा करायच्या: प्रश्न विचारला, सल्ला दिला, तिचं बोलणं तिला परत ऐकवलं. तासाभरात कोणत्या खुणेची रांग लांब होते हे बघायला फार मोठं प्रशिक्षण लागत नाही. तसंही जे प्रशिक्षण मिळतं ते बहुतेक इंग्रजीतून, शहरात, महागड्या हॉटेलच्या सभागृहात असतं, आणि ज्या आशाताई, अंगणवाडीताई दिवसभर हेच बोलणं करतात त्या तिथे नसतात.

म्हणून या अंकाच्या वाचक मैत्रिणींकडे एक मागणं आहे. मराठीत या कामासाठी शब्द हवे आहेत, आणि ते बायकांच्या बोलण्यातून यायला हवेत. 'मन खातंय', 'जीव दोन्हीकडे ओढतो', 'उचल खाते मन' असे काही आमच्या वहीत जमले आहेत. विदर्भात, कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात, बेळगावकडे बायका आपल्या या ओढाताणीला काय म्हणतात? आणि मन एका बाजूला वळू लागलं, की पहिलं वाक्य कोणतं निघतं? तुमच्या केंद्रात ऐकलेले शब्द, बाईचं नाव-गाव न देता, संपादकांच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या अंकापर्यंत वही भरली तर ती आशाताईंच्या बैठकीत वाचायला न्यायची आहे.